सब ठीक

रविवारी संध्याकाळी फोन वाजतो.
वाजला तर.
बाबा आहेत त्या जागेचं नाव आम्हाला माहीत नाही,
पत्ता म्हणजे छप्पन्न ए.पी.ओ.
आई हात पुसत दोन मिनिटं बोलते:
नारळाचे पैसे, गॅस, दुर्वाचा पडलेला दात.
मग फोन माझ्याकडे.

"रिपोर्ट?"
"सब ठीक, साहेब."

हा आमचा खेळ, भटिंड्याच्या क्वार्टरमधला.
मी पाच वर्षांचा, लाकडी बंदूक घेऊन दारात,
आणि ते ड्यूटीवरून आलेले, बूट चिखलाचे,
माझा रिपोर्ट घेतल्याशिवाय आत पाऊल टाकायचे नाहीत.

आता सोळा संपतील.
पहारा उतरलेला नाही.
रात्री दोनला, तीनला, तांबळडेगच्या पुळणीवर
समुद्र कूस बदलतो ते ऐकत पडलेला असतो,
झाप पडलं तरी उठून बसतो.
वाडीच्या तोंडाशी गाडी आली
की आधी इंजिन ओळखतो.
टेंपो. मासळीचा टेंपो.
जीप नाही.
मग पुन्हा आडवा.
कुठली जीप, हे कुणाला सांगितलेलं नाही.

जाताना म्हणाले होते,
"आता घरातला पुरुष तू."
काळी ट्रंक रिक्षात सरकवता सरकवता,
सहज, जसं म्हणावं, पंखा बंद कर.
मी तो शब्द वजन न बघता उचलला.

सकाळी पोटात कुर्ली नांगी उघडते.
कणकवलीला सोनोग्राफी झाली. काही नाही.
"काही नाही" छापून दिलं, फोटोसकट.
बाई विचारतात, दहावीतले मार्क कुठे ठेवून आलास.
भावेशने विचारणं सोडलंय.
आणि शेजारी म्हणतात, फौजीचं पोर, घट्टच असणार.

मग नोव्हेंबरात एका रविवारी रापण लागली.
तात्या कुबलांनी हाक मारली म्हणून गेलो, दोराला हात घातला.
तेवढ्यात आई वाळूतून धावत आली, फोन पुढे धरून.
मी दोर सोडला.
दोर येतच राहिला.
माझ्यामागे, माझ्यापुढे चाळीस माणसं,
कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"रिपोर्ट?"

हिंदी तोंडात आलीच नाही.
"बाबा, माका झोप येना नाय."

पलीकडे वारा. की आमचाच वारा, फिरून आलेला.
लाईन गेली असं वाटलं.
मग साहेब उतरून गेले आणि बाबा बोलले:
"कधीपासना, बाबू?"
"तुमी गेलात तेवापासना."
"आवशीक सांगलंस?"
"नाय."
"सांग. ही ऑर्डर नाय हां." थांबले. "सांग."
पुढे काय बोलावं ते सुचलं नाही बहुतेक.
विचारलं, "जेवलंस?"
आणि लाईन खरोखरच गेली.

तात्यांनी मला वाटा दिला, नऊ तारल्या.
मी म्हटलं, मी तर अर्ध्यात सोडला होता.
ते दुसऱ्याचा वाटा मोजत होते, त्यांनी ऐकलं नाही.

गुरुवारी देवगड. ग्रामीण रुग्णालय, मागची खोली.
दारावर "मैत्री" रंगवलेलं, वेलांटी पुसट झालेली.
राऊळ मॅडमनी फाईल बाजूला ठेवली.
"रात्री कशाची वाट बघतोस?"
फरशीवर आयोडीनचा डाग होता, कासवासारखा.
त्याला मी जीपचं सांगितलं.

आई शेजारच्या खुर्चीत. पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत.
माझ्याकडे न बघता म्हणाली,
"मी पण टेंपोचो आवाज वळाखतंय."

परतीच्या एसटीत आम्ही काही बोललो नाही.
मिठबाव येईपर्यंत तिने दोन लिमलेटच्या गोळ्या काढल्या.

कुर्ली अजून आहे. सगळ्या सकाळी नसते.
दर गुरुवारी जायचं ठरलंय, परीक्षा असली तरी.
आणि पहारा आम्ही वाटून घेतलाय:
दोन ते तीन आई,
तीन ते चार मी.

काल माझ्या वेळेला
तिने मला उठवलंच नाही.